वीतभर मुळांचे पाणी : स्ट्रॉबेरीच्या सिंचनाविषयी वाचकांचे प्रश्न

भातकापणी उरकली की मुरबाड-शहापूरच्या खाचरांत आणि त्याच सुमारास ठाणे-नवी मुंबईच्या गच्च्यांवर वाई-महाबळेश्वरकडून आणलेली स्ट्रॉबेरीची रोपे लागतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे पाण्याविषयी आहेत. शेत असो की कुंडी, एक गोष्ट सगळीकडे सारखी : स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे वरच्या १५ सेंटीमीटर मातीत असतात आणि फार तर ३० सेंटीमीटरपर्यंत उतरतात. एवढ्या उथळ थरात ओल आणि हवा दोन्ही टिकवायची असते. वांगी-मिरचीच्या सवयीने पाणी दिले की हा तोल जातो, आणि आमच्याकडे आलेल्या तक्रारींत पाणी कमी पडल्याच्या तक्रारी फारच थोड्या आहेत.

प्रश्न : बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आठ इंची कुंड्यांत दहा रोपे आहेत. सकाळ-संध्याकाळ पाणी देते. तरी दुपारी रोपे माना टाकतात, म्हणून आता दुपारीही पाणी घालू लागले आहे. माती ओलीच असते, मग रोपे सुकतात कशी?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

दुपारचे पाणी आजपासून बंद करा. माती ओली असताना रोप मान टाकते, तेव्हा बहुधा मुळे पाणी उचलू शकत नसतात. सतत भिजलेल्या मिश्रणात हवा राहत नाही, मुळे गुदमरतात आणि मग मूळकुजीची बुरशी शिरते. त्यावर आणखी पाणी घातले की उरलेली मुळेही जातात.

खात्रीसाठी एक रोप मातीच्या गोळ्यासकट कुंडीतून बाहेर काढा. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट असतात आणि ओढल्यावर ताण धरतात. कुजलेले मूळ तपकिरी असते. चिमटीत धरून ओढले तर वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा भाग उरतो. रोप अगदीच गेलेले असेल तर त्याचा गड्डा, म्हणजे पाने जिथून फुटतात तो जाड भाग, उभा चिरून पाहा. आतून तपकिरी-लालसर असेल तर ते रोप वाचणार नाही. ते मिश्रणासकट टाकून द्या आणि कुंडी धुऊन उन्हात ठेवा. निम्म्याहून अधिक मुळे पांढरी असतील तर कुजलेली कात्रीने कापून रोप नव्या मिश्रणात लावा, चार-पाच दिवस हलक्या सावलीत ठेवा. नवीन पान उलगडेपर्यंत खत देऊ नका.

मिश्रण साधारण असे असावे : धुतलेले कोकोपीट चार भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, जाड वाळू किंवा परलाइट तीन भाग. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा थर घालण्याची पद्धत घरोघरी आहे, ती सोडावी. बारीक मिश्रणातले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडते. परिणामी चिंब भिजलेला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी पुरे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. लावताना गड्डा मातीच्या पातळीवर ठेवा : पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो.

आता पाणी किती? आठ इंची कुंडीतल्या भरलेल्या रोपाला डिसेंबर-जानेवारीत दिवसाला साधारण २०० ते ३०० मिलिलिटर पुरते. मात्र वेळापत्रकापेक्षा बोट खरे. पेरभर खोल, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटरवर, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाणी घातल्यानंतर एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा कुंडी उचलून पाहा. दोन-तीन दिवसांत वजनावरूनच अंदाज येऊ लागतो. द्यायचे ते सकाळी, सावकाश, तळाच्या भोकातून थोडे निथळेपर्यंत द्या. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही, ते कडेने सरळ खाली निघून जाते आणि आपल्याला भरपूर पाणी दिल्यासारखे वाटते. अशी कुंडी बादलीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवून भिजवावी.

बाराव्या मजल्यावरचा वारा हेही एक कारण असू शकते. मुळे चांगली निघाली आणि पाने संध्याकाळी आपोआप ताठ होत असतील, तर रोपाला पाण्यापेक्षा आडोसा हवा आहे. रेलिंगला हिरवी जाळी बांधा आणि कुंड्या एकमेकींजवळ ठेवा.

प्रश्न : भाताच्या खाचरात १० गुंठे स्ट्रॉबेरी लावली आहे. गादीवाफे चार फुटांवर, वाफ्यावर दोन ओळी, मल्चिंग पेपर, मधोमध एक इनलाइन लॅटरल (आतच ड्रिपर बसवलेली नळी). ड्रिपर ३० सेंटीमीटरवर, ताशी २ लिटरचे. दर तिसऱ्या दिवशी दोन तास ड्रिप चालवतो. मधल्या दिवसांत पाने मलूल होतात आणि पाणी दिले की सरीत ओल पाझरते. किती वेळ चालवावे?
— एक शेतकरी, मुरबाड

तुमच्या प्रश्नात मापे नीट दिली आहेत, त्यामुळे हिशेब मांडता येतो. तो सविस्तर देतो, म्हणजे इतरांना आपले आकडे घालता येतील.

१० गुंठे म्हणजे साधारण १,०१० चौरस मीटर. चार फुटी अंतराने आणि कडेची जागा सोडून सुमारे ८०० मीटर वाफे होतात. रोपे ३० सेंटीमीटरवर, दोन ओळींत, म्हणजे जवळपास ५,३०० रोपे. एका रोपाच्या वाट्याला ०.१८ चौरस मीटर जागा येते. हिवाळ्यात आपल्याकडे दिवसाला ४ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. भरलेल्या, फळावर आलेल्या पिकाचा गुणांक, म्हणजे बाष्पीभवनाच्या किती पट पाणी पिकाला लागते तो आकडा, ०.८५ आहे, लागवडीनंतरच्या सुरुवातीच्या काळात तो ०.४० असतो. ४ गुणिले ०.८५ म्हणजे ३.४ मिलिमीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणून रोपाला ०.६ लिटर. मल्चिंगमुळे यातला साधारण पाचवा हिस्सा वाचतो, ड्रिपची थोडी गळती-तूट धरावी लागते. सगळे मिळून भरलेल्या रोपाला दिवसाला अर्धा लिटर, लहान रोपाला पाव लिटर.

तुमच्याकडे सुमारे २,६५० ड्रिपर आहेत, म्हणजे ताशी ५,३०० लिटर पाणी पडते. ५,३०० रोपांना अर्ध्या लिटरप्रमाणे २,६५० लिटर लागतात. याचा अर्थ दिवसाला अर्धा तास पुरे. लहान रोपांना पंधरा मिनिटे.

दोन तासांत तुम्ही रोपाला २ लिटर देता. तीन दिवसांची गरज दीड लिटर आहे. नुसत्या बेरजेत फरक फार मोठा दिसत नाही. खरी अडचण साठवणीची आहे. तुमच्या भारी मातीत २५ सेंटीमीटरच्या थरातून स्ट्रॉबेरीला त्रास न होता उचलता येणारे पाणी रोपामागे पाऊण लिटरच्या आसपास असते. उपलब्ध ओलीचा पाचवा हिस्सा संपला की हे पीक ताण घेऊ लागते. दोन लिटर ओतले की त्यातले निम्म्याहून जास्त मुळांखाली किंवा सरीत जाते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कामाचे पाणी संपते. त्यामुळेच पाझर आणि मलूलपणा दोन्ही एकाच शेतात दिसतात.

तेव्हा रोज चालवा. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान वीस मिनिटे आणि दुपारी एकच्या सुमारास दहा मिनिटे असे दोन हप्ते केलेत तर उत्तम. हलक्या, मुरमाड वरकस जमिनीत साठवण याच्या निम्मीच असते. तिथे दोन हप्ते पाळावेच लागतात, तीन झाले तर अधिक चांगले. अशा जमिनीत पाणी आडवे न पसरता सरळ खाली उतरते, म्हणून ड्रिपर २० सेंटीमीटरवर असलेली लॅटरल घ्यावी.

हिशेब हा आरंभ आहे. शेवटचा शब्द मातीचा. आठवड्यातून एकदा, पाणी देण्याआधी, दोन रोपांच्या मधली माती १५ सेंटीमीटर खोलीवरून काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला, बोटांना ओल लागली, पण पाणी सुटले नाही, म्हणजे वाफसा आहे. बोटांच्या फटीतून पाणी किंवा चिखल आला तर वेळ चार-पाच मिनिटांनी कमी करा. गोळाच झाला नाही तर तितकाच वाढवा. मातीतली ओल मोजणारा टेन्शिओमीटर (आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी) घेणे शक्य असेल तर एक १५ आणि एक ३० सेंटीमीटरवर बसवा. वरचा हलक्या जमिनीत १० ते २०, भारी जमिनीत २० ते ३० किलोपास्कल दाखवू लागला की पाणी द्यायचे. खालचा सतत शून्याजवळ राहिला तर पाणी मुळांखाली साचते आहे.

खाचराच्या बाबतीत आणखी एक महत्त्वाचे. वर्षानुवर्षे चिखलणी केल्याने १५ ते २० सेंटीमीटरखाली घट्ट थर तयार होतो. भातासाठी तो चांगला, कारण पाणी धरून ठेवतो. स्ट्रॉबेरीच्या मुळांशी तोच थर पाणी तुंबवतो. पुढच्या हंगामात भात कापल्यावर जमीन वाफशावर येऊ द्या, सबसॉयलर किंवा छिन्नी नांगराने तो थर फोडा आणि मगच किमान ३० सेंटीमीटर उंचीचे वाफे करा. बांधाच्या उताराच्या बाजूला पाणी काढून देणारा चर ठेवा. चिखलाच्या ओल्या ढेकळांवर वाफे केले तर ते आत पोकळ आणि बाहेर टणक होतात; अशा वाफ्यात ड्रिप कितीही नीट चालवली तरी पाणी भेगांतून निसटते.

प्रश्न : ड्रिपने सगळ्या रोपांना सारखे पाणी पोहोचते का, हे घरच्या घरी कसे तपासावे?
— एक वाचक, शहापूर

ताशी २ लिटरच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत १०० मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. मुख्य पाइपाजवळचा, लॅटरलच्या शेवटचा, शेतातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेचा, अशा चार ठिकाणच्या ड्रिपरखाली माती उकरून वाट्या ठेवा आणि औषधाच्या मापाने मोजा. ९० ते ११० च्या मध्ये आकडे आले तर काळजी नाही. शेवटच्या टोकाला ७०-८० च येत असेल तर लॅटरल फार लांब आहे किंवा दाब कमी आहे. १६ मिलिमीटरची ३० सेंटीमीटर अंतराची लॅटरल सपाट जमिनीवर ५० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. दाब सबमेनवर, म्हणजे लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या पाइपावर, १ किलोच्या (प्रति चौरस सेंटीमीटर) आसपास हवा.

एखादाच ड्रिपर मंद असेल तर तो तुंबला आहे. विहीर-शेततळ्याचे पाणी असेल तर वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा किंवा डिस्क फिल्टर, दोन्ही हवेत. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.३ ते ०.५ किलोचा फरक दिसू लागला की धुवा. दर पंधरा दिवसांनी लॅटरलच्या टोकाच्या एंड कॅप एकेक करून उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. एकदम सगळ्या उघडल्या तर दाब पडतो आणि गाळ आतच राहतो.

क्षार बसले असतील तर ॲसिडची प्रक्रिया हंगाम संपल्यावर करा. उभ्या स्ट्रॉबेरीत तो धोका पत्करू नये. एक लिटर पाण्याचा सामू ४ वर आणायला किती ॲसिड लागते ते आधी बादलीत तपासा, त्या प्रमाणात सोडा, २४ तास तसेच ठेवून धुऊन काढा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडवर कधीही नाही. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी, मध्ये यंत्रणा साध्या पाण्याने पूर्ण धुऊनच करा. एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बागेसाठी बोअरवेलचे पाणी आहे. खाडी जवळच आहे. स्ट्रॉबेरीची जुनी पाने कडेने तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. कीड दिसत नाही. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारे पाणी वापरले तर चालेल का?
— एक वाचक, नेरूळ

लक्षणे खारेपणाची आहेत. नेहमीच्या फळा-भाज्यांत स्ट्रॉबेरीइतके नाजूक पीक क्वचितच असेल. मातीच्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप) १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागते, आणि पुढे प्रत्येक एककामागे सुमारे एक तृतीयांश घट होते. म्हणून पाण्याची ईसी ०.७ च्या आत हवी. बाजारातल्या पेनासारख्या टीडीएस मीटरवर हे साधारण ३५० ते ४५० येते. मीटरची कंपनी कोणता गुणक वापरते त्यावर आकडा बदलतो. मीटरवर ईसी दाखवायची सोय असेल तर तीच वापरा.

आधी बोअरचे पाणी मोजा. खाडीकाठी ते उन्हाळ्याकडे अधिक खारे होत जाते, म्हणून ऑक्टोबरमधल्या तपासणीवर मार्चपर्यंत विसंबू नका, महिन्यातून एकदा मोजा. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे कुंड्यांसाठी तेच उत्तम. ते मर्यादित मिळत असेल तर मिसळा. बोअरची ईसी २.० आणि नळाची ०.२ असेल तर एक बादली बोअर आणि तीन बादल्या नळ मिळून ०.६५ येते. निम्मे-निम्मे केले तर १.१, म्हणजे स्ट्रॉबेरीला जास्तच.

आरओचे टाकाऊ पाणी हे आत गेलेल्या पाण्याचे क्षार एकवटलेले पाणी असते. मशीनला बोअरचे पाणी जोडले असेल तर ते मुळीच वापरू नका. नळाचे जोडले असेल तर मोजून पाहा. मर्यादेच्या आत असल्यास हरकत नाही. एसीचे ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, मिसळायला चांगले.

आता कुंडीत साठलेले क्षार काढू या. कुंडी निथळेल अशी विटांवर ठेवा आणि कुंडीतल्या मिश्रणाच्या दुप्पट गोडे पाणी तासाभरात तीन-चार हप्त्यांत ओता; चार लिटरच्या कुंडीला आठ लिटर. शेवटी निथळणाऱ्या पाण्याची ईसी मोजा आणि ती १ च्या जवळ येईपर्यंत थांबू नका. ही धुलाई सकाळी करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत जास्तीचे पाणी निघून जाते. पुढचे दहा दिवस खत बंद. खतही क्षारच आहे. कडा जळालेल्या रोपाला ‘ताकद यावी’ म्हणून खत देणे हा सर्वांत घातक उपाय.

एक खूण लक्षात असू द्या : जुनी पाने कडेने जळणे हे खारेपणाचे, तर कोवळ्या पानाचे टोक काळे पडून पान सुरकुतणे हे कॅल्शियम कमी पोहोचल्याचे लक्षण. दुसरे अनियमित पाण्यानेही होते.

प्रश्न : तुषार सिंचनाने रोपे छान तरारली, पण आता फळांवर राखाडी बुरशी येते आहे. तुषार बंद करावेत का?
— एक शेतकरी, किन्हवली, ता. शहापूर

हो, पहिले फूल दिसण्याआधीच बंद व्हायला हवे होते. रनरपासून, म्हणजे मातृरोपाच्या सरपटणाऱ्या फांदीपासून, केलेल्या रोपाला लागवडीच्या वेळी मुळे थोडी आणि पाने जास्त असतात. त्या पहिल्या सात ते दहा दिवसांत मायक्रो स्प्रिंकलर फार उपयोगी पडतात : सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत दर तासाला काही मिनिटे, फक्त पाने ओली होतील आणि हवा गार राहील इतके. वाफा भिजवणे हा त्यांचा हेतू नाही. नवीन पान उलगडले, रोप हलके ओढल्यावर धरून राहिले, की दोन दिवसांत तुषार कमी करत ड्रिपवर यावे.

राखाडी बुरशीला १५ ते २५ अंश तापमान आणि कित्येक तास ओली राहिलेली फुले-फळे लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे तापमान आयतेच मिळते आणि दवही पडते. त्यात तुषारांची भर घातली की फूल सुकतच नाही. बुरशी बहुधा फुलातच शिरते आणि फळ पिकताना दिसते, त्यामुळे तुषार बंद केल्यावरही आठ-पंधरा दिवस सडकी फळे निघत राहतील. घाबरू नका.

तोपर्यंत रोज सडकी फळे आणि सुकलेली पाने वेगळ्या बादलीत गोळा करून शेताबाहेर पुरा. सरीत टाकली तर तिथूनच बुरशी पसरते. सरीत भाताचा पेंढा अंथरा, म्हणजे ओली माती फळांवर उडत नाही. फार दाट झालेल्या रोपांची जुनी खालची पाने काढा. ड्रिप सकाळीच चालवा आणि सरीत पाणी सोडणे पूर्ण थांबवा. फवारणीची वेळ आलीच तर औषध सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून निवडा आणि काढणीपूर्वीचे प्रतीक्षेचे दिवस कटाक्षाने पाळा. ही फळे न सोलता खाल्ली जातात.

प्रश्न : गच्चीवर ६० कुंड्यांना ड्रिप करायचे आहे. ५०० लिटरचा ड्रम एक मीटर उंच स्टँडवर ठेवला. दाब नियंत्रित करणारे महागातले ड्रिपर आणले, पण त्यांतून पाणीच येत नाही. टायमरही चालत नाही.
— एक वाचक, ऐरोली

१० मीटर उंचीवरून पाणी आले की १ किलो दाब मिळतो. तुमच्या ड्रमची उंची एक मीटर, म्हणजे दाब ०.१ किलो. दाब नियंत्रित ड्रिपरला उघडण्यासाठी साधारण अर्धा किलो तरी लागतो. ते खराब नाहीत, या कामाचे नाहीत. बदलून साधे फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर किंवा कमी दाबाचा ग्रॅव्हिटी ड्रिप संच घ्या. टायमरचेही तसेच : सोलेनॉइड व्हॉल्व्हला दाब लागतो. बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा, ‘शून्य दाबावर चालणारा’ असे स्पष्ट लिहिलेला टायमर मागा.

कमी दाबात उंचीचा प्रत्येक सेंटीमीटर मोजला जातो. सगळ्या कुंड्या एका पातळीत ठेवा. एक रांग कठड्यावर आणि एक जमिनीवर असेल तर खालच्या रांगेला जास्त पाणी जाईल. दोन रांगांना स्वतंत्र कॉक द्या. मुख्य नळी १६ मिलिमीटरची, ड्रमच्या तोटीपासून मधोमध जाऊन दोन्हीकडे विभागणारी. कुंडीपर्यंतची ४ मिलिमीटरची नळी अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तोटीनंतर लगेच जाळीचा फिल्टर. मग वाट्या ठेवून प्रत्येक ड्रिपर दहा मिनिटांत ४० ते ५० मिलिलिटर देईल असा फिरवून लावा. ड्रम रिकामा होत जाईल तसा प्रवाह मंदावतो, हे लक्षात घेऊन तो निम्म्याहून खाली जाऊ देऊ नका.

ड्रम काळा किंवा अपारदर्शक असावा, नाहीतर शेवाळ होते. झाकण घट्ट हवे आणि हवेच्या भोकाला बारीक जाळी हवी. उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. भरलेल्या ड्रमचे वजन अर्ध्या टनाहून जास्त होते, म्हणून तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीमवर ठेवा, आणि सोसायटीच्या इंजिनिअरला आधी विचारा.

प्रश्न : नळाच्या पाण्यातला क्लोरीन जावा म्हणून ते रात्रभर उघडे ठेवावे का?
— एक वाचिका, कोपरी, ठाणे

गरज नाही. पिण्याच्या पाण्यात राहणाऱ्या अल्प क्लोरीनने स्ट्रॉबेरीला इजा होत नाही.

प्रश्न : व्हेंचुरी (ड्रिपच्या पाण्यात खत ओढून घेणारे साधन) खत ओढत नाही. विद्राव्य खत कधी आणि किती सोडावे?
— एक शेतकरी, टोकावडे, ता. मुरबाड

व्हेंचुरी दाबाच्या फरकावर चालते. ती मुख्य पाइपाला समांतर जोडलेली हवी, आणि तिच्या दोन तोंडांच्या मधला मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्यायचा. फरक पुरेसा झाला की नळी ओढू लागते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर पाणी सोप्या वाटेने जाते आणि व्हेंचुरी गप्प राहते. तरीही ओढत नसेल तर शोषक नळीला चीर आहे का, तिच्या टोकाची जाळी तुंबली आहे का आणि व्हेंचुरी बाणाच्या उलट दिशेने तर बसवली नाही ना, ते पाहा.

अर्ध्या तासाच्या पाळीत पहिली सात मिनिटे साधे पाणी, मग तेरा मिनिटे खत, शेवटची दहा मिनिटे पुन्हा साधे पाणी. सुरुवातीलाच खत सोडले तर ते पुढच्या पाण्याबरोबर मुळांखाली उतरते. शेवटी सोडले तर लॅटरलमध्ये राहून ड्रिपर तुंबवते. प्रमाण एक लिटर पाण्यामागे एक ग्रॅमच्या वर नेऊ नका. वरच्या १० गुंठ्यांच्या उदाहरणात तेरा मिनिटांत साधारण १,१५० लिटर पाणी जाते, म्हणजे एका वेळी एक किलो ही वरची मर्यादा. खत दहापट पाण्यात विरघळवून कापडातून गाळून घ्या. कॅल्शियम नायट्रेट हे १२:६१:०, ०:५२:३४ किंवा ०:०:५० या विद्राव्य खतांबरोबर एकाच बादलीत कधीही नको; पांढरा साका बसतो आणि तो ड्रिपरमधून काढता येत नाही. त्याचा दिवस वेगळा ठेवा.

प्रश्न : काढणीआधी पाणी तोडले तर फळ गोड होते, असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, बदलापूर

थोडे खरे आहे. जास्त पाण्याने फळ फुगते, फिके आणि मऊ होते. पण स्ट्रॉबेरीच्या एकाच रोपावर पिकलेले फळ, हिरवे फळ आणि फूल एकाच वेळी असते. पाणी तोडले तर आजचे फळ किंचित गोड होईल आणि पुढच्या दोन आठवड्यांची फळे लहान राहतील. काढणीच्या दिवशी पाणी तोडणीनंतर द्या, एवढा बदल पुरे. तोडणी सकाळी लवकर, पण दव सुकल्यावर करा.

प्रश्न : फेब्रुवारीच्या मध्यापासून रोपे कितीही पाणी दिले तरी थकतात. काय करावे?
— एक वाचक, खारघर

ठाणे-नवी मुंबईत फेब्रुवारीअखेर पारा ३५ च्या पुढे जाऊ लागतो. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा या जाती लहान दिवसांच्या. दिवस वाढले आणि ऊन तापले की त्यांना नवीन फुले येणे मंदावते. ही उणीव पाण्याने भरून निघत नाही, हे आधी मान्य करायला हवे. हाती असलेली फळे मात्र नीट पिकवता येतात.

अकरा ते चार या वेळात ३५ टक्क्यांची शेडनेट वापरा. रोजचे पाणी साधारण पाव हिश्शाने वाढवा, पण एकदम न देता तीन हप्त्यांत द्या, शेवटचा चारच्या आत. मल्चिंग पेपरची रुपेरी बाजू वर हवी. काळी वर ठेवली तर आपल्याकडच्या उन्हात वाफाच तापतो. अशा वाफ्यावर आता तरी पेंढा पसरा. कुंड्यांना गोणपाट गुंडाळा, कारण बाजूने ऊन लागून मुळे भाजतात.

उन्हात पडलेल्या काळ्या नळीत उभे राहिलेले पाणी दुपारी चटका बसेल इतके तापते आणि तेच सर्वांत आधी रोपांच्या बुंध्याशी पडते. शेतात लॅटरल पेपरखालीच ठेवा. गच्चीवर मुख्य नळी कुंड्यांच्या सावलीतून न्या. दुपारच्या हप्त्यापूर्वी तिच्या टोकाचे बूच उघडून गरम पाणी बादलीत काढा, हाताला गार लागू लागले की बूच लावा.